बळ, विवेक आणि बांधाचा तंटा

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील वाचकांकडून एक शंका वारंवार विचारली जाते, आणि विचारणाऱ्यागणिक तिचे रूप पालटत असले तरी गाभा एकच असतो. पुण्यास शिकायला राहिलेला मुलगा कराटेच्या वर्गात जाऊ लागतो, शाओलिन मठातील भिक्षूंविषयी वाचतो, त्यांचे सामर्थ्य आणि त्यांची शांती या दोहोंनी सारखाच भारावतो, आणि मे महिन्यात गावी परततो तो पाहतो काय, तर चुलत्याने भातखाचराचा बांध पुन्हा हातभर कोरला आहे आणि घरातील वडीलधारी मंडळी कुऱ्हाडीच्या भाषेत बोलत आहेत. अशा वेळी, ज्या विद्येने हात चालवायला शिकवले तीच विद्या हात आवरायलाही सांगते, मग बांधावर उभे राहून करावे तरी काय, असा त्याचा प्रश्न असतो. आईबापांची धास्ती निराळी: मुलगा तालमीत गेला तर अंगात रग येऊन एक दिवस पोलीस ठाण्याची पायरी चढेल. आणि काही भगिनी विचारतात, की संयमाचा हा सारा उपदेश घरात नेहमी आमच्याच वाट्याला का यावा.

या साऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. ज्या संन्यस्त परंपरांनी बळाची उपासना केली, त्यांनी बळाची आणि विवेकाची फारकत कधी मान्य केली नाही. तुम्हीही ती मान्य करू नका, आणि न्यायासाठी सरकारदरबारी दाद मागणे हे या दोहोंपैकी कशाच्याही विरुद्ध आहे असे समजू नका.

ही शिकवण परकी नाही

चीनच्या हेनान प्रांतातील शाओलिन मठ इसवी सन ४९५ च्या सुमारास स्थापन झाला, आणि ६२१ मध्ये तेथील भिक्षूंनी थांग घराण्याच्या लि शिमिन याला युद्धात साहाय्य केल्याची नोंद मठातील ७२८ च्या शिलालेखात आहे. बोधिधर्माने ही युद्धविद्या तेथे शिकवली ही कथा मात्र फार पुढच्या काळात रचली गेली. तेव्हा तिच्या आधाराने कोणी तुम्हाला एखादी गुप्त विद्या भारी शुल्क घेऊन देऊ करीत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे हे उत्तम.

परंतु आपल्याला इतके दूर जाण्याचे कारणच नाही. भोरहून पश्चिमेस निघालेला रस्ता वरंधा घाटाने खाली महाडकडे उतरतो, आणि त्या पायथ्याच्या डोंगरात शिवथरघळ आहे, जेथे समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना केली असे परंपरा मानते आणि जिचा शोध धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये लावला. रामदास (१६०८–१६८२) हे संन्यस्त वृत्तीचे पुरुष. त्यांना जमीन नको होती, वतन नको होते, तरी त्यांनी मसूर, चाफळ, शिंगणवाडी, उंब्रज, बहे अशा ठिकाणी मिळून अकरा मारुती स्थापिले, आणि ज्याला स्वतःसाठी काहीच जिंकायचे नाही अशा माणसाने लोकांना बळाची देवता द्यावी यातच या परंपरेचे मर्म आहे. त्याच ग्रंथकाराचा दासबोध उघडून पाहिला तर वीस दशकांच्या आणि दोनशे समासांच्या त्या विस्तारात कुस्तीचा एकही डाव सापडत नाही. सापडतो तो प्रपंच नेटका करण्याचा, प्रयत्नाचा, सावधानतेचा आणि माणूस ओळखण्याचा विचार. समर्थांच्या आणि शिवाजी महाराजांच्या भेटींविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण बांधावरचा निर्णय करण्यासाठी त्या वादात शिरण्याची तुम्हाला काहीच आवश्यकता नाही.

रोजचा अभ्यास कोठून सुरू करावा

पुष्कळांची चूक येथेच होते: भांडण पेटल्यावर ते शांत राहण्याचा प्रयत्न करू लागतात, आणि ज्या शरीराला शांत राहण्याची सवयच नाही ते शरीर ऐन वेळी ऐकत नाही. म्हणून प्रारंभ शरीरापासून करा.

- थोडे करा, पण नेमाने करा. जोर, बैठका किंवा सूर्यनमस्कार, जे तुम्हाला झेपेल ते, पहाटे एका ठरलेल्या वेळी करावे. संख्या वाढवण्याची घाई करू नये. लावणीच्या दिवसांत, जेव्हा अंग आधीच चिखलात मोडून आलेले असते, तेव्हा संख्या निम्मी करावी, पण खंड पाडू नये.
- श्वास लांबवण्याची सवय लावा. श्रमाच्या शेवटी दम लागलेला असताना उच्छ्वास सावकाश सोडण्याचा सराव केला, की संतापाने छाती भरते तेव्हा तोच सराव आपोआप उपयोगी पडतो.
- स्वतःची तपासणी करा. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिला समास मूर्खाची लक्षणे सांगतो, दुसरा उत्तम लक्षणे सांगतो आणि दहावा पढतमूर्खाची. आठवड्यातून एकदा हे तीन समास वाचा, आणि त्यातले एकच लक्षण, जे आपल्याला लागू पडते असे मनातून वाटते, ते वहीत लिहून पुढचा आठवडा त्याच्यावर लक्ष ठेवा. भावकीतील कोणाला कोणते लक्षण शोभते याची यादी करण्याचा मोह होईल. तो आवरणे हाच त्या आठवड्याचा अभ्यास समजा.

वय झालेल्यांनी, रक्तदाबाचा अथवा गुडघ्यांचा विकार असलेल्यांनी आरंभापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

वस्ताद निवडताना

गावची तालीम असो, कराटेचा वर्ग असो किंवा मर्दानी खेळांचे पथक असो, मुलाला घालण्यापूर्वी तेथे जाऊन बसा आणि केवळ पाहा. हरलेल्या मुलाशी वस्ताद कसा बोलतो, नवख्याला जोडीला कोणाला देतो, दुखापत झाली तर काय करतो, एवढ्यावरून बहुतेक सगळे समजते. ज्या वस्तादाच्या तालमीतील पोरे गावात दांडगाई करीत हिंडतात, निवडणुकीच्या दिवसांत कोणाच्या तरी मागे काठ्या घेऊन उभी राहतात, त्याने बळ दिले असेल, विद्या दिलेली नाही. तेथून मुलाला काढून घेण्यात भीड बाळगू नका. पालकांना आत बसू न देणारा, मुलामुलींना एकट्याने बोलावणारा, स्वतःच्या आज्ञेवर प्रश्न न विचारण्याची शपथ घालणारा शिक्षक कितीही नामांकित असला तरी टाळा. मुलींनाही तितक्याच आग्रहाने पाठवा, हे वेगळे सांगण्याची वेळ अजून येते याचे दुःख वाटते.

भांडण उभे राहते तेव्हा

जत्रेच्या फडात दोन मल्ल एकमेकांच्या अंगाशी सर्व सामर्थ्याने झटतात, हलगीचा कडकडाट चाललेला असतो, हजारो लोक ओरडत असतात, आणि तरीही कुस्ती सुटल्यावर दोघे एकमेकांना भेटून निघून जातात. हे शक्य होते, कारण फडात पंच असतो, हद्द असते, वेळ असतो आणि आरंभीची सलामी असते. बांधावर यांपैकी काहीच नसते, म्हणून तेथली झटापट कोयत्यावर जाते. तेव्हा फडात जे आयते मिळते, ते बांधावर तुम्हाला आधी उभे करावे लागते, आणि माझ्या मते या सबंध विषयातील सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे.

- पंच. दोन्ही बाजूंना मान्य असा एक तरी मनुष्य बोलण्याच्या वेळी हजर असावा. तो तुमचा कैवारी नसावा. तसा असला तर दुसरी बाजू पहिल्या वाक्यालाच उठून जाईल.
- हद्द. ज्या गटातील बांधाचा वाद आहे त्याच गटाबद्दल बोला. आजोबांच्या काळातील लग्नात कोणाला पंगतीत बसवले नाही, विहिरीच्या खर्चात कोणी किती दिले, हे विषय निघाले की पंचाने ते तेथेच थांबवावेत, आणि असे थांबवण्याचा अधिकार त्याला प्रारंभीच दोघांनी द्यावा.
- वेळ. कोरलेला बांध दिसल्या क्षणी बोलू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बोला. नांगरणी किंवा चिखलणी चालू असताना, हातात विळा-कुदळ असताना आणि कोणी दारू घेतलेली असताना बोलणे सर्वथा टाळा.
- सलामी. पहिले वाक्य नात्याचे असावे. "नाना, बसून बोलू, मला तुमचे आधी ऐकायचे आहे," असे म्हणणारा पुतण्या काही गमावत नाही; आणि चुलत्यानेही "बाळा, ये, बस" म्हणण्यात कमीपणा मानू नये.

एवढे करूनही समोरचा अंगावर येऊ लागला, तर दीड हात मागे सरा, दोन्ही तळवे उघडे करून छातीसमोर धरा, आवाज खाली आणा आणि तेथून निघा. तालमीत शिकलेल्या माणसाला हे अवघड वाटते, कारण आपण समोरच्याला लोळवू शकतो हे त्याला ठाऊक असते; परंतु ते ठाऊक असल्यामुळेच त्याला मागे सरण्याची लाज वाटण्याचे कारण उरत नाही.

मान सोडण्याचा एक दाखला

बहुतेक तंट्यांत जमीन वीतभर असते आणि मान डोंगराएवढा. या बाबतीत आपल्याच मुलखातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रोहिड खोऱ्यातील कारीचे जेधे आणि हिरडस मावळातील बांदल ही दोन मातब्बर देशमुख घराणी; त्यांच्यात पूर्वी वैर होते आणि ते केवळ शब्दांचे नव्हते. पुढे १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेध्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांची बाजू धरली, आणि दरबारातील पहिला मान, म्हणजे तलवारीच्या पहिल्या पानाचा मान, जेध्यांचा झाला. वर्ष लोटले नाही तोच १६६० च्या जुलैत, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना, घोडखिंडीत शिंदच्या बाजीप्रभू देशपांड्यांसह बांदलांच्या लोकांनी आपले प्राण दिले. त्या पराक्रमानंतर पहिल्या पानाचा मान बांदलांकडे जावा असे महाराजांच्या मनात आले, जेध्यांची समजूत घालण्यात आली, आणि जेध्यांनी तो मान पूर्वीच्या प्रतिस्पर्ध्याला दिला, असे इतिहासात सांगितले जाते.

या घटनेतील दोन बारकावे तुमच्या कामाचे आहेत. एक असा, की मान काढून घेण्यात आला नाही, आधी विचारण्यात आले. तेव्हा तुम्ही मध्यस्थ असाल तर ज्याने सोडायचे आहे त्याच्याकडे प्रथम जा, एकांतात जा, आणि त्याच्या त्यागाला चारचौघांत नाव द्या. दुसरा असा, की जेध्यांनी मान सोडला तो दुबळेपणामुळे नव्हे. त्यांच्या शौर्याविषयी कोणालाच शंका नव्हती. ज्याचे बळ सिद्ध आहे त्याचे सोडणे लोक औदार्य म्हणून ओळखतात, आणि म्हणूनच तडजोडीच्या बैठकीला जाण्यापूर्वी आपले कागदपत्र पूर्ण तयार असू द्यावेत. सातबारा, फेरफाराचे उतारे, गटाचा नकाशा आणि जुने वाटणीपत्र असल्यास तेही जवळ असले, म्हणजे तुम्ही जे सोडाल ते माहीत असून सोडाल.

हात उचलण्याचा हक्क कोठवर

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो सांगितला आहे. पण त्याला मर्यादा आहेत आणि तालमीत जाणाऱ्यांनी त्या पाठ करून ठेवाव्यात. संरक्षणासाठी जेवढी इजा आवश्यक तेवढीच करता येते, अधिक नाही. आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवधी असेल तर हा हक्क मिळत नाही. कोणी अंगावर कोयता घेऊन आला तर तुम्ही स्वतःला वाचवू शकता; पण तो पळून गेल्यावर त्याच्या घरी जाऊन मारलेला फटका हा संरक्षणाचा नसून गुन्ह्याचा होतो. बांध कोरला, वहिवाटीच्या रस्त्यावर काटे टाकले, खाचराचे पाणी अडवले, या सर्व प्रसंगी दाद मागण्यास अवधी असतोच. तेथे हाताचे काम नाही.

दाद मागण्याच्या वाटा

- हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. त्यांना आपणही आधी तोंडी सांगावे. मोजणी अमान्य असल्यास वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. मोजणीपूर्वी बांधावरची झाडे तोडणे किंवा हद्दीच्या खुणा हलवणे यासारखी घोडचूक दुसरी नाही.
- वहिवाटीचा रस्ता किंवा पाणी अडवले असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत हुकल्याने पुष्कळांचे नुकसान होते. बोलणी चालू असली तरी तारीख लिहून ठेवा. शेतात जाण्यास रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो.
- सामाईक क्षेत्राची वाटणी सहहिस्सेदारांची संमती असेल तर याच महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून होऊ शकते; हक्काबद्दलच वाद असेल तर दिवाणी न्यायालयाला पर्याय नाही. जमीन घ्यायला पुण्याचे गिऱ्हाईक आले म्हणून घाईने सह्या करण्याचा आग्रह होत असेल, तर तेवढ्यापुरते थांबा.
- गावातच मिटण्यासारखे असेल तर १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील समितीपुढे जा. समितीत दुसऱ्या बाजूची माणसे अधिक असतील तर जाणे बंधनकारक नाही, हेही लक्षात असू द्या.
- लोकअदालतीत झालेला समझोता दिवाणी हुकूमनाम्याच्या बरोबरीचा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी मसुदा दोनदा वाचून घ्या. वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे मोफत साहाय्य मागा. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. दूरध्वनी १५१००.
- मारहाण किंवा धमकी झाली असेल तर ११२ वर कळवा आणि पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. दखलपात्र गुन्ह्याच्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळण्याचा तुमचा हक्क आहे. फिर्याद घेण्यास नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते. मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या.

जेथे हा उपदेश लागू नाही

संयमाचा उपदेश बरोबरीच्या दोन माणसांसाठी आहे. घरात ज्या स्त्रीला मारहाण होते, जिचा पैसा काढून घेतला जातो, जिला माहेरशी बोलू दिले जात नाही, तिला शांत राहून सासरचे मन जिंकण्याचा सल्ला देणे हा या परंपरेचा धडधडीत दुरुपयोग आहे, आणि तो सल्ला देणारा पंच, महाराज किंवा वडीलधारा कोणीही असो, त्याचे ऐकू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ प्रमाणे राहत्या घरात राहण्याचा, संरक्षणाचा आणि निर्वाहखर्चाचा आदेश दंडाधिकाऱ्यांकडून मिळू शकतो; १८१ या क्रमांकावर साहाय्य मिळते. मुलांवर अत्याचार होत असेल तर १०९८. तेथे समेटाची बैठक नव्हे, सुटका ही पहिली गोष्ट आहे.

दुसरी सावधगिरी मनाविषयी. काही माणसे बाहेरून शांत होतात आणि आतून हिशोब ठेवतात. बोलणे बंद करतात आणि त्याला संयम म्हणतात. अबोला हे भावकीतील सर्वांत जुने शस्त्र आहे. आणि असे आत कोंडून ठेवताना ज्याला झोप येत नाही, जेवण जात नाही, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात, त्याने व्यायामावर किंवा पारायणावर विसंबून राहू नये. १४४१६ या क्रमांकावर मनोविकारतज्ज्ञांच्या साहाय्याची सरकारी सोय आहे, आणि ती घेण्यात बळाला काही उणेपणा येत नाही.

समझोता झाल्यावर

तोंडी समझोता पहिल्या पावसापर्यंतच टिकतो, असा आपल्या मुलखातील अनुभव आहे. म्हणून ठरले ते कागदावर आणा: गट क्रमांक, क्षेत्र, बांधाची जागा, पाण्याचा मार्ग, रस्त्याची रुंदी, बांधावरील आंब्या-फणसाचे उत्पन्न कोणाचे, आणि पुढे वाद झाल्यास पंच कोण. स्थावराचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल तर दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. साध्या कागदावरील किंवा केवळ नोटरी केलेल्या लेखावर विसंबू नका. त्यानंतर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या तलाठ्याकडे) फेरफारासाठी अर्ज द्या; हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. या पंधरा दिवसांत घरातील कोणाची कुरकुर असेल तर ती ऐकून घ्या, विशेषतः सासरी गेलेल्या बहिणींची, कारण वारसाहक्काने त्यांचा हिस्सा असतो आणि त्यांच्या सहीवाचून झालेली वाटणी पुढच्या पिढीत नवा तंटा घेऊन उभी राहते. नोंद प्रमाणित होऊन नवा उतारा हाती येईपर्यंत बांध जुन्या जागीच ठेवा, आणि तो हलवण्याच्या दिवशी दोन्ही घरची माणसे व पंच यांना तेथे बोलावून घ्या.